बाराव्या डोंग्याची तिसरी बरगडी

बालाघाट
९ मार्च २०२५

चि. सौ. श्रुतिका हिला बाबांचे अनेक आशीर्वाद. जावईबापू अश्विनराव यांना नमस्कार. इकडे सर्व क्षेम.

पहिले यादी वाच. माझ्या हातानं झालेलं, आजपर्यंतचं: डोंगे बारा (पहिला बुडाला, तोही मोजला आहे). वल्ह्यांच्या सतरा जोड्या. घराचे दोन्ही दरवाजे, कड्यांसकट. तुझा पाळणा, जो तुझ्यानंतर मोहल्ल्यातल्या नऊ लेकरांना पुरला. तुझ्या आईचं पोळपाट, तीन पायांचं, कारण चार पायांचं डुगडुगतं. ज्यावर हे लिहून राहिलो ते उतरतं मेज. यातलं काहीच मला कोणी शिकवलं नाही. एकोणीस वर्षांचा असताना वैनगंगेच्या काठावर फुटका पडलेला एक डोंगा मी फळी-फळी सोडवला, प्रत्येक फळीवर खडूनं आकडा टाकला आणि सात महिन्यांत पुन्हा जोडला. तोच माझा गुरुजी. तोही काही बोलत नव्हता.

यादी काहून दिली ते सांगतो. परसवाड्याकडचा राकेश म्हणून एक माणूस आला होता. धरणापाशी कोणाचं तरी रिसॉर्ट होऊन राहिलं, त्याचा हा मॅनेजर. बारावा डोंगा त्याच्या डोळ्यात भरला. साडेबावीस फूट, सागाचा, दोनशे शहाऐंशी खिळे. पण तो पाण्यात सोडणार नाही. दारात काचेमागे ठेवणार आणि पाटी लावणार, का हा अमुक राजाचा शिकारीचा डोंगा, दोनशे वर्षं जुना. त्यासाठी आत, तोंडाकडून तिसऱ्या बरगडीवर मी पटाशीनं कोरलेलं ‘सुखराम, बालाघाट, बारावा, २०२५’ एवढं काचकागदानं घासून टाकायचं, आणि कोणी विचारलं तर गप्प राहायचं. म्हणे काकाजी, रेगमाल के दो हाथ मारो, हो गया राजा का. मी विचारलं, का राजानं हे गॅल्वनाइजचे खिळे बालाघाटच्या कोणत्या दुकानातून नेले. तो हसला. मी हसलो नाही. अक्तीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, ३० एप्रिलची मुदत देऊन गेला.

हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू पहिले किती देतात ते विचारलंस. मग म्हणालीस, का बाबा, देऊन टाका, होऊ द्या राजाचा, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तरी होईल. किती, ते मी तेव्हाही सांगितलं नाही आणि आताही लिहीत नाही. आकडा दिसला का माणूस आकडाच वाचतो. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. तुझ्या आईचा गुडघा मलाही दिसतो. रोज सकाळी भिंत धरून उठते ती.

लग्नाच्या वाढदिवसाला तुम्ही दोघं दिवसभर बोटीनं समुद्रकाठ पाहायला जाणार म्हणता. जा. पण चढण्याआधी चपला काढायच्या, ओंजळभर पाणी बोटीच्या तोंडावर घालायचं आणि कुंकवाचा टिळा लावायचा. लहान, एकच. तिथं कोणी हसलं तरी करायचं. आपण बोटीत बसायला चाललो, लाजायला नाही.

तुझी आई म्हणून राहिली, का पोरगी इटलीच्या समुद्रात फिरते आन् मले याच्या बारा डोंग्यांतून एकदाही फिरवलं नाही. हे खरं नाही. २००३ मध्ये मी तिला पलीकडच्या काठावर नेलं होतं. सोबत तांदळाची दोन पोती होती.

उत्तर कागदावर दे, फोनवर फक्त तब्येत. माया आहे तशी राहू दे.

तुझा बाबा,
सुखराम


ला स्पेझिया
२२ एप्रिल २०२५

ती. स्व. बाबांस,
श्रुतिकाचा सा. न. वि. वि. आईला वेगळा नमस्कार, तुमच्यातला वाटा देऊ नका.

काल लग्नाचा वाढदिवस, त्यातच ईस्टरची सुट्टी. सकाळी नऊला बोटीत बसलो. लाकडी, पांढरी, आपल्या बाराव्यापेक्षा सहा-सात फूट लांब. तुम्ही विचाराल म्हणून पावलांनी मोजली. नावाडी बेप्पे, सत्तरीच्या पुढचा, भुवया अशा का त्यांतून कंगवा फिरेल. आमच्याशिवाय बोटीत कोणी नाही, कारण अश्विनला म्हणे शांतता पाहिजे होती.

चपला काढायला वाकले तर बेप्पेनं आधीच टोपली पुढे केली. इथेही लाकडी बोटीत जोड्यांसकट चढू देत नाहीत, बाबा. इथपर्यंत तुम्ही पास. ओंजळभर पाणी घातलं तेव्हा तो नुसता बघत राहिला. मग मी डबीतून कुंकू काढून टिळा लावला आणि माणूस भडकला. पांढऱ्या रंगावर लाल दिसताच फडकं घेऊन धावला. म्हणाला, का ही बोट आहे, भिंत नाही, हिच्यावर माझ्याशिवाय कोणी खूण करत नाही. इतकं घासलं, का ओलं कुंकू हातभर पसरलं आणि मग पुसलं गेलं. माझे डोळे भरून आले. अश्विनला समुद्रात उडी मारावी वाटली, पण त्याला पोहता येत नाही.

पुढचा तासभर मी काठाकडे तोंड करून बसले. सरळ कडे, आणि त्यांच्यावर पिवळी, गुलाबी, विटकरी घरं, परसवाड्याच्या बाजारात प्लास्टिकच्या बादल्या एकीवर एक रचतात तशी. पोर्तोव्हेनेरेचं टोक ओलांडलं आणि लाटा सुरू झाल्या. तुमचे जावई, जे आठवड्यातले पाच दिवस जहाजांचं लोखंड वेल्ड करतात, ते पिशवीत तोंड घालून बसले. तेव्हा बेप्पेला पहिल्यांदा हसू फुटलं. त्यानं लिंबू कापून दिलं. मी तिखट-मिठाच्या पुऱ्या काढल्या. त्यानं चार खाल्ल्या आणि पाचवी खिशात घातली.

तिथून मी सांगायला लागले, अश्विन दोन उलट्यांच्या मधे भाषांतर करायला लागला. माझे बाबा डोंगे बांधतात, ही खूण म्हणजे घाण नाही, मान आहे. वेर्नात्सा नावाच्या गावाखाली बेप्पेनं इंजिन बंद केलं, बसायची फळी उचलली आणि आतलं लाकूड दाखवलं. बोट बांधणाऱ्या त्याच्या वडिलांचं नाव कोरलेलं, खाली १९६२. दर वर्षी बोट रंगवतो, पण तेवढी जागा सोडून. त्यानं विचारलं, तुझा बाप कुठे कोरतो. मी ऐटीत सांगितलं, तिसऱ्या बरगडीवर. आणि बोलण्याच्या भरात पुढचंही सांगून बसले, का एकाला ते घासून डोंगा राजाचा म्हणून लावायचा आहे, आणि मीच म्हटलं देऊन टाका. अश्विन इथे अडला. मी म्हटलं, कर भाषांतर.

बेप्पेनं फळी परत जागेवर बसवली. मग म्हणाला, का सकाळी मी तुझी एक खूण पुसली तर तुझे डोळे भरले. बापाची पुसायला सांगताना तुला काहीच झालं नाही का.

बाबा, परत येईपर्यंत मी त्या काठाकडे नीट पाहिलंच नाही. उतरताना बेप्पेनं स्वतः कुंकवाची डबी मागितली आणि कुठे लावायचं ते बोटानं दाखवलं. मी टिळा लावला, त्याच जागी, एकच.

डोंगा देऊ नका. आईच्या गुडघ्याचं आम्ही दोघं बघू. काल आल्याबरोबर फोन केला होता, पण तुम्ही ‘डोंग्याचं फोनवर नाही’ म्हणून फोन आईच्या हाती दिला, आणि तिच्याजवळ तिच्याच गुडघ्याचा विषय मला काढवेना. अक्तीला आठ दिवस उरलेत, तोवर हे पोचणार नाही, मला कळतं. तरी लिहिते. चुकीचं मी फोनवर बोलले होते, बरोबर तरी कागदावर राहावं.

रागावला असाल तर लवकर रागवून घ्या, आणि मग पहिल्यासारखे व्हा.

तुमची,
श्रुतिका


बालाघाट
१८ मे २०२५

चि. सौ. श्रुतिका हिला आशीर्वाद. जावईबापूंच्या पोटाची विचारपूस.

तुझं पत्र १४ मे रोजी पोचलं. अक्ती ३० एप्रिलला होऊन गेली. म्हणजे तुझा सल्ला चौदा दिवस उशिरा आला. मी जे केलं ते तुझ्या किंवा त्या बेप्पेच्या सांगण्यावरून केलेलं नाही, हे पहिले ध्यानात ठेव.

राकेश अक्तीला सकाळी दहा वाजता आला. सोबत ट्रक, चार माणसं आणि नवा कोरा रेगमाल. तो त्यानं माझ्या हातात दिला. तुझी आई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. मी डोंग्यात उतरलो, तिसऱ्या बरगडीसमोर बसलो. अक्षरावर अंगठा फिरवून पाहिला. ‘बारावा’ मधला वा थोडा वाकडा आला आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. राजाच्या सुताराचा इतका वाकडा वा कोणी खपवून घेतला नसता. तो माझाच आहे.

मी बाहेर आलो आणि त्याला समजावं म्हणून हिंदीत सांगितलं, का राजाला डोंगा पाहिजे असेल तर त्यानं इथं येऊन माझ्या हाताखाली सात महिने काम करावं; फळ्यांवर आकडे टाकायला मी शिकवीन. राकेश म्हणाला काकाजी, ज़िद मत करो, आणि आकडा वाढवला. मी पुन्हा नाही म्हटलं. त्यानं पुन्हा वाढवला. मी रेगमाल परत केला. चांगला होता, एकशेवीस नंबरचा, पण परत केला. ट्रक रिकामा गेला.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातला महागू आणि त्याचे भाऊ आले, डोंगा घाटावर नेला. टिळा तुझ्या आईनं लावला आणि पहिले तीच बसली. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही दोघंच नदीवर होतो. नदी उन्हाळ्यानं आटलेली; दोनदा डोंगा रेतीत बसला, दोनदा मी उतरून ढकलला, आणि ती तोंडाशी बसून मला डावं-उजवं सांगत होती, जसा मी वैनगंगेत नवा आहे. तुमच्यासारखे कडे नाहीत, रंगीत घरं नाहीत. टरबुजाच्या वाड्या होत्या. एकानं एक टरबूज दिलं. पाण्याचा एक थेंब आत आला नाही.

आता तुझी आई सांगते ते जसंच्या तसं लिहितो, मला पटत नसलं तरी. म्हणते, श्रुती, गुडघा माहा हाय, माह्या गुडघ्याचं नाव घेऊन याले कोणी वाकवू नका. यानं नाही म्हटलं तवा माह्या हातचा चहा सांडला, इतकी खुश झालती मी. पन बाई, बारा डोंगे केले यानं आन् बाईमाणसाले बसाले धड पाट एकातही नाही केला, दिवसभर कंबर मोडली. (पाट होऊन राहिला आहे. चौदा इंच रुंद.)

बेप्पेनं टिळा पुसला, ते बरोबर केलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही पुसला असता. दुसऱ्याच्या लाकडाला विचारल्याशिवाय खूण करायची नाही, हे तुला लिहायचं राहिलं. चूक माझी. त्याला विचार, फळ्यांच्या सांध्यात तो कापूस भरतो का आणखी काही, आणि राळ कशात कालवतो. मी जवसाच्या तेलात. आणि त्याला हेही सांग, का डोंग्याचं मी त्याच्या आधी ठरवलं होतं.

गुडघ्याच्या खर्चासाठी, विकायला म्हणून, तेरावा डोंगा सुरू केला आहे. तुम्हाला काही पाठवायचं असेल तर आईच्या नावानं पाठवा, मला विचारू नका. विचारलं तर मी नाही म्हणेन. सध्या माझी ती सवय पक्की झाली आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्या आईला एकदा वाचून दाखवलं, मग तिनं मला पुन्हा वाचायला लावलं, म्हणजे चारदा. रागवून झालं आहे. आता पहिल्यासारखा आहे.

तुझा बाबा,
सुखराम

ता. क. मार्चमध्ये फोनवर तू पहिले विचारलं होतंस, किती. आता नाही म्हणून झालं आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. एक डोंगा, तिसरी बरगडी घासून, माझं तोंड बंद ठेवून, दोनदा वाढवल्यावर: चार लाख पंचाहत्तर हजार रुपये.