शाश्वत विकास, आडनाव काय?

देवास

ती. विद्युल्लता आत्यास उर्वीचा शि. सा. न. वि. वि. (फुल फॉर्म बाबांना विचारला. लंबा आहे, पण आदराचाच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? धारच्या ऑटोवाल्यांना खड्डे दिसोत, अशी इथून रोज प्रार्थना करते.

आत्या, मला डही गावातल्या नोकरीची परवानगी मिळाली! थर्माकोलच्या ताटांऐवजी पळसाच्या पत्रावळी बनवणारी संस्था आहे. करिअर करायचं तर सस्टेनेबिलिटीतच, असं मला कॉलेजपासून वाटतंय, आणि बाबांना तेव्हापासूनच बँक बरी वाटतेय. म्हणून मी फॅमिली ग्रुपवर एकदम शुद्ध मराठीत जाहीर करून टाकलं, "मी सगळं आयुष्य शाश्वत विकासबरोबर घालवणार. त्याच्यासाठीच डहीला जातेय." सस्टेनेबिलिटीला शाश्वत विकास म्हणतात, हे फोननं सांगितलं. 'विकासाबरोबर' असा मध्ये काना लागतो, हे नाही सांगितलं. (आम्हा इंग्लिश मीडियमवाल्यांना काना दिसतो, ऐकू येत नाही.) काना गेला की विकास माणूस होतो आणि शाश्वत त्याचा मुलगा! तू लगेच विचारलंस, आडनाव काय? मला वाटलं, मजाक करतेयस. मी लिहिलं, आडनाव कशाला, तो सगळ्या जगाचा आहे. (हे नको होतं लिहायला.)

बाबा जेवले नाहीत. आणि तू धारमध्ये बसल्या बसल्या हाटपिपल्याचा खराखुरा शाश्वत विकास टेंबे शोधून काढलास! बाबा स्कूटरवरून थेट त्याच्या दुकानात. माझ्या मुलीला डहीला का नेतोयस? तो बिचारा म्हणाला, "काकाजी, दही बाजूच्या डेअरीत मिळेल, आपल्याकडे फक्त थर्माकोलची ताटं." मग त्यानं बाबांना बसवलं, चहा पाजला, मेसेज वाचला आणि इतका हसला की ताटांची थप्पी कोसळली. "काकाजी, ये लड़का नहीं, सब्जेक्ट है!"

बाबा येताना मिठाईवाल्याकडून मावाबाटी घेऊन आले. दारातूनच आईला ओरडले, "सब्जेक्ट आहे गं, नुसता सब्जेक्ट!" कसला, ते विचारलंही नाही. मी डही म्हटलं, ते म्हणाले, जा. कितीतरी प्रेझेंटेशनं दाखवून जे जमलं नाही, ते एका कान्यानं केलं. इतकं हलकं वाटतंय की विचारू नको.

तुझी,
उर्वी

ता. क. पत्रातले सगळे काने बाबांनी तपासलेत.

ता. क. २ (हे त्यांनी तपासलेलं नाही.) हाटपिपल्याचा नंबर तुझ्याकडे असेलच, पाठव ना. आमच्या पत्रावळी त्याच्या दुकानात ठेवायच्यात. कामाचंच आहे. फार तर एखादा चहा शाश्वत विकासबरोबर घेईन. या वेळी काना चुकून राहिलेला नाही.