मंडईचं बोलावणं

भिलाई, दसऱ्यानंतर, १९७८

चि. सौ. शकुनबाईस थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद.

मी बरा आहे. केशव आणि सूनबाई जीव लावतात. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझी वहिनी गेल्यापासून मनात नाही नाही ते येते. मग शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणतो. सूनबाई म्हणते, "मामाजी, हळू म्हणा ना, लोक हसून राहिले." पण हळू म्हटल्या की विचार थांबत नाहीत. काल रेल्वे फाटकाशी उभा होतो, शकुन, अन् मले माझीच भीती वाटली.

केशव एरवी सोडणार नाही. पण दिवाळीनंतर तुझ्या गावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेचं बोलावणं आपल्यात कोणी मोडत नाही. भाच्याले, तुलारामले, आत्ताच पाठव. मामाले रातभर चालणारं दंडारीचं नाटक दाखवायला नेतो म्हणावं.

मंडई उठली तरी मले परत धाडू नको, बाई.

तुझी वाट पाहणारा,
सुखरामदादा