डॉक्टरीणबाईंनी हातात दिलेले नमुने

प्रिय ताई,

जखम भरली आहे, जेवण जातं आणि अर्धा दिवस दुकानात शिवायलाही बसते. तेव्हा काळजी करत बसू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी, काढलेल्या स्तनाच्या जागी बसवायचे नमुने माझ्या हातात दिले. एकात मिठाचं पाणी असतं. तो फुटला तर पाणी अंगात जिरतं आणि छाती लगेच सपाट दिसते. दुसऱ्यात सिलिकॉनची जेल असते. ती हाताला खऱ्यासारखी लागते, पण गळली तर कळतही नाही, म्हणून अधूनमधून तपासावं लागतं. काही गोल, काही थेंबासारखे. जन्मभर टिकेल याची खात्री कुणाचीच नाही.

"काहीच न बसवणं हाही पर्याय आहे," असंही त्या म्हणाल्या.

तेव्हापासून पाय एका जागी ठरत नाहीत. चार टाके घालते की उठते. ह्यांना विचारलं की "तुला हवं ते कर" म्हणायचे आणि नजर चुकवायचे. मी मनात नको ते धरून बसले होते.

आज सकाळी समोर बसवून विचारलं. म्हणाले, "तुला पुन्हा ऑपरेशनला आत नेतील, तेवढीच भीती वाटते गं." आणि रडले.

सध्या काही बसवत नाही, असं डॉक्टरीणबाईंना कळवून टाकलं. तरी जीव थाऱ्यावर नाही, कारण आपण आईला 'नुसती गाठ काढली' असं सांगितलंय. रविवारी मी फोनवर तिला खरं सांगणार आहे. तेव्हा तिच्याजवळ बसशील ना?

तुझी,
धाकटी