पूर्वेची भिंत

मी, आदिनाथ भिमाजी भोंडवे, वय ५४, धंदा वार्ताहर, राहणार मौजे कवठे सरदार, तालुका जामखेड, जिल्हा अहिल्यानगर, लिहून ठेवतो की, पत्नी सुकन्या हिने गेल्या गुरुवारपासून माझ्या चहातली साखर बंद केली आहे. हा अन्याय सोसूनही माझी बुद्धी शाबूत असून हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. सोमवारी नगरला हृदयाचे ऑपरेशन आहे, एवढेच.

१. घर व बँकेतली ठेव सुकन्येची. साखरेचा डबाही, तो कुठे लपवलाय ते तिलाच ठाऊक.

२. स्कूटर आणि कॅमेरा मुलगी धनश्रीला. त्यातले फोटो पुसू नयेत. वैशाखात आपल्या गावच्या गढीच्या दरबार महालात लग्न होते. मंडपवाल्याने खिळा ठोकला, चुन्याचा पोपडा पडला आणि आतून हत्तीचा डोळा माझ्याकडे पाहू लागला. मी अक्षता टाकायच्या विसरलो. दसऱ्याच्या दरबाराआधी घरटी एक हात चुना द्यायची आपली रीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या चुन्याखालून भिंतीवर रंगवलेली अख्खी मिरवणूक निघाली! हिंगुळी झुली, शिंगवाले, विड्यांचे तबक घेतलेली बाई, तिच्या नथीतला एकेक मोती. संस्कृत पाठशाळेत सहा वर्षे अलंकार घोकले. डोळ्यांनी पाहिले ते इथे.

३. चुना सोडवायची माझी बांबूची पट्टी कडूबाईंना. चाळीस वर्षे त्यांच्या घरचा चुन्याचा हात त्यांनीच दिला. आपल्यापेक्षा त्यांचा हात हलका, असे चित्रे उघडायला आलेल्या पुण्याच्या तज्ज्ञ बाई स्वतः म्हणतात.

४. २००३ साली मिळालेली शाल. ‘दरबार महाल की कोळशाची वखार?’ ही धुराने काळवंडलेल्या भिंतीवरची बातमी माझी. ती वाचून तेव्हाचा सरपंच कल्याण याने पंधरा दिवसांत मानाच्या गादीमागची पूर्वेची भिंत ऑइलपेंटने रंगवली आणि माझा सत्कार केला. कडूबाई म्हणाल्या, “भाऊ, चुना निघतो. ह्यो निघायचा न्हाई.” मी हसलो होतो. ती शाल भिंतीखाली पोपडे झेलायला अंथरावी.

५. महालाची किल्ली गावाने माझ्याकडे दिली आहे. ती धनश्रीने तज्ज्ञ बाईंना द्यावी. मिरवणुकीतले सगळे हत्ती पूर्वेकडे चालले आहेत. कोणाला भेटायला, ते त्या रंगवलेल्या भिंतीवर असणार. तिथला वीतभर चौकोन उघडायला बाईंनी दोनदा तारीख मागितली. एकदा मी पाहुण्यांचे कारण सांगितले, एकदा तापाचे. पाहुणे नव्हते, तापही नव्हता. दसऱ्याआधी तो चौकोन उघडावा. माझी वाट पाहू नये. त्या रंगाखाली आता काही उरले नसेल आणि ते माझ्या बातमीने गेले असेल, याची मला भीती वाटते.

सही: आदिनाथ भोंडवे
आमच्यासमोर सही केली: कानिफनाथ, कल्याण (याला काही ठेवलेले नाही, म्हणून साक्षीला चालतो)
कवठे सरदार, ३ सप्टेंबर २०२५