माझ्या उंचीचं पान

दि. ४ जुलै

तीर्थरूप मावशींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहिण्याचे धाडस केल्याबद्दल प्रथम क्षमा मागते. मी आपल्या मावसबहिणीची थोरली मुलगी. आपण आमच्याकडे दोनदा आला होतात आणि दोन्ही वेळा मी पुस्तक घेऊन पडद्यामागे बसले होते, त्यामुळे आपल्याला माझा चेहरा आठवण्याचे कारण नाही. परंतु तीस वर्षे रोपवाटिका चालवणारे दुसरे कोणीही माणूस आमच्या नात्यात नाही, आणि माझ्यापुढे एक झाड उभे आहे.

मे महिन्यापासून मी उद्यान विभागात झाडांची नोंद करण्याच्या कामावर आहे. कायम करायचे की नाही, ते महिनाअखेरीस ठरेल. आमच्याच कार्यालयामागे एक उंच झाड आहे. सगळे त्याला शेवगा म्हणतात, कारण वर लांब शेंगा लोंबतात. त्याखाली गाड्यांचे चालक डबे खात बसतात. दहा-बारा पुरुषमाणसांतून वाट काढत जाणे मला जमेना, म्हणून मी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून पाहिले आणि नोंदवहीत ‘शेवगा’ लिहून सही केली. आमच्याकडे शेवगा तोडायला परवानगी लागत नाही. त्या एका शब्दाच्या आधारावर २० जुलैला ते झाड पाडून तिथे गाड्यांची शेड उभारायचे ठरले आहे.

काल खिडकीतून एक बी उडत येऊन थेट माझ्या वहीवर बसले. चपटे, आणि भोवती कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक पंख! शेवग्याचे बी असे नसते. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. बी सोबत पाठवत आहे. खिडकीतून दिसले तसे चित्रही काढले आहे: तळहाताएवढी साधी पाने, फांदीवर समोरासमोर जोडीने. हे कोणते झाड असावे?

आपला अमूल्य वेळ घेतला. लोभ जडण्याइतकी ओळख नाही, तरी राग नसावा.

आपली आज्ञाधारक,
पडद्यामागची भाची


दि. ७ जुलै

चि. पडदाबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना ‘आपण, आपण’ ऐकून मी दोनदा मागे वळून पाहिलं, कोण मोठं माणूस आलंय म्हणून. मला अगं मावशी म्हण. आणि चेहरा आठवत नाही असं कोण म्हणालं? पडद्याखालून पाय दिसत होते की! एक मोजा निळा, एक करडा.

आता झाडाचं. चित्र सुरेख आहे आणि साफ चूक आहे. नाव मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तू साहेबांसमोर मावशी म्हणते म्हणून सांगशील आणि साहेब मला कुठून ओळखणार? पान, फूल आणि फळ या तिघांची साक्ष जुळल्याशिवाय आमच्याकडे रोपाला पाटी लागत नाही. एकट्या शेंगेवर विश्वास ठेवलास, तिथेच फसलीस.

झाडाखाली जा. ज्याला तू फांदी म्हणतेस ती बुडापासून काढून आण आणि डोळा शोध. देठ जिथे चिकटतो त्या बगलेत इवलासा फुगवटा असतो, उद्याची फांदी तिथून फुटते. जिथे डोळा, तिथे पान सुरू. जिथे डोळा नाही, ते पान नव्हेच, पानाचा तुकडा. एवढं बघ आणि मग मला शिकव. चालक मंडळी खात नाहीत कुणाला, डबे खातात.

तुझ्या आईला सांग, पोरगी पत्र बरं लिहिते, पण फार वाकून लिहिते. पाठ दुखेल.

तुझी,
मावशी


दि. ११ जुलै

प्रिय मावशीस,
सा. न. वि. वि.

क्षमा कर, आज अक्षर धावते आहे. मी गेले! मावशी, मी झाडाखाली गेले!

सकाळी लवकर गेले, तरी सगळे हजर. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर चालकांना सारे उस्ताद म्हणतात. त्यांनी विचारले की बाईंचे काही हरवले आहे का. मी म्हणाले, डोळा. ते घाबरून माझ्या चष्म्याकडेच पाहू लागले! मग समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी शिडी आणवली आणि स्वतः चढून बुडापासून ‘फांदी’ उतरवून दिली.

मी एकेका पानाच्या बगलेत भिंग लावून पाहिले. पहिल्या जोडीत डोळा नाही, दुसरीत नाही, दहावीत नाही. उपदेठांच्या बगलाही रिकाम्या. माझा धीर सुटत चालला होता. शेवटी उस्तादांनी शिडीवरूनच ओरडून सांगितले की तुटल्या जागी खोडाला एक फुगवटा दिसतो आहे. मावशी, डोळा तिथे होता! म्हणजे ती फांदी नव्हतीच. दोनदा-तीनदा विभागलेले, माझ्या उंचीचे ते अख्खे एक पान होते! ‘पर्णिकेच्या बगलेत मुकुल नसते’ हे वाक्य मी परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले आहेत, पण आयुष्यात एकही बगल तपासली नव्हती.

फुलेही मिळाली. रात्री उमलून पहाटे गळालेली, जाड, बाहेरून मळकट जांभळी, आतून पिवळसर. वास असा की उस्ताद म्हणाले, याला फूल म्हणणे हा फुलांचा अपमान आहे. आत पुंकेसर पाच. शेंग चपटी, हातभर लांब, तलवारीसारखी. शेवग्याची गोल, पिळदार शेंग कुठे आणि ही कुठे! तिन्ही साक्षी घेऊन पुस्तक उघडले: टेटू. आमच्या विभागाच्या ‘जपावयाच्या’ यादीत त्याचे नाव आहे, आणि शहराच्या संपूर्ण नोंदीत ते एकदाही आलेले नाही.

आता खरी भीती. हे सांगायचे म्हणजे माझीच सही खोटी ठरवायची, तेही मोठ्या साहेबांसमोर आणि महिनाअखेर तोंडावर असताना. त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परतले. तूच त्यांना अधिकाराने दोन ओळी लिहिशील का? तुझे शब्द ते मानतील.

तुझ्या लोभाची आता सवय होऊ लागली आहे,
भाची


दि. १४ जुलै

चि. पडदाबाईस,
आशीर्वाद.

नाही लिहिणार. सही तुझी, पान तू तपासलंस, मी मध्ये कोण? साहेब ओरडले तर ओरडू देत. त्यांचा घसा बसेल, झाड तरी वाचेल.

टेटू आहे, हे बी पाहताक्षणी ओळखलं होतं मी. लहानपणी एकदाच पाहिला होता, तोही रस्त्यासाठी पाडला, आणि इतकी वर्षं रोपवाटिका चालवून बी काही हाती लागलं नाही. तुझं बी परत मागू नकोस. पेरलंय. एकच आहे, रुजेल का माहीत नाही. रोज सकाळी चहाआधी कुंडीकडे जाते, आता बोल.

जा आणि सांग.

तुझी,
मावशी


दि. १८ जुलै

प्रिय मावशी,
सा. न. वि. वि.

सांगितले.

साहेबांच्या खोलीत ते पान दारातून आत जाईना, तिरके करून न्यावे लागले. त्यांनी विचारले की ही झाडाची फांदी इथे कशाला आणली. मी म्हणाले की फांदी नाही, पान आहे. त्यांनी वर न पाहता सुधारणा केली: पाने. तेव्हा मावशी, माझ्याच आवाजाने मी दचकले. मी म्हणाले की नाही साहेब, हे एकच पान आहे. मग त्यांनी वर पाहिले.

नोंद कोणी केली होती, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, मी. कुठून पाहून? खिडकीतून. मग ते उठले, पान घेऊन खाली झाडाशी आले, भिंग मागून घेतले आणि गुडघ्यावर बसून एकेक बगल स्वतः तपासू लागले. सोळाव्या बगलेशी त्यांनी उस्तादांना विचारले की अजून किती. उस्ताद म्हणाले की डोळा वर आहे, साहेबांनी शिडी चढावी. आणि ते चढले! डबे उघडे ठेवून सगळे चालक बघत उभे होते.

शेड आता दुसऱ्या भिंतीशी होणार. माझी नोंद माझ्याच हाताने लाल शाईने खोडायला लावली आणि खाली पुन्हा सही घेतली. न पाहता नोंद केल्याबद्दल माझी कायम होण्याची मुदत तीन महिने पुढे ढकलली आहे. आईला वाईट वाटले. मला मात्र, खरे सांगते, काल दुपारभर हसू आवरत नव्हते. उद्यापासून खिडकीतून केलेल्या माझ्या बाकीच्या एकोणीस नोंदी झाडाखाली जाऊन तपासायच्या आहेत. साहेबांनी सांगितले म्हणून नव्हे, मीच मागून घेतले.

उस्तादांनी गेल्या वर्षीच्या एका फुटक्या शेंगेत अडकलेल्या अकरा बिया काढून दिल्या आहेत. त्या सोबत आहेत. एकीवर विसंबून चहा थंड करू नकोस. हे शेवटचे पोस्टातच उभ्याने लिहिते आहे: इथल्या बाईंनी बियांचे पाकीट काट्यावर ठेवले, तर काटा हललाच नाही. आत काही आहे ना, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, अकरा झाडे आहेत.

रुजले की कळव. लोभ आता मोजत नाही.

तुझी,
भाची (दोन्ही मोजे आज एकाच रंगाचे)

पाकीट टपालात टाकते आहे: १८ जुलै, दुपारी चार वाजून वीस मिनिटे.