मागच्या रांगेतली पोती

बाबा, परवा दिलसुखनगरमागच्या एका तांदळाच्या गोदामात मी मागच्या रांगेतली पोती ओढायला लावली आणि तुम्ही आठवलात. शाळेत असताना एका शनिवारी तुम्ही मला असंच बरोबर नेलं होतं. तुम्ही बँकेचे अधिकारी, व्यापाऱ्यानं कर्जाला तारण दाखवलेला माल बघायला आलेले. तो म्हणतो, "साब, आगे का देखो ना, पीछे क्या रक्खा है!" तुम्ही मागच्या पोत्यात टोकदार नळी खुपसता, भुसा बाहेर येतो. "पीछे ये रक्खा है," तुम्ही शांतपणे म्हणता. तुम्ही सही केली नाहीत, तुमची बदली झाली. तुमच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यानं पाकीट घेऊन सही केली. कर्ज बुडालं, आणि धसका घेतलेल्या शाखेनं कर्ज मागायला आलेल्या सुलतान बाजारातल्या सरळ शिंप्यालाही दारातून परत पाठवलं. "कर्ज धंद्यात नंतर बुडतं रे, आधी सहीत बुडतं," असं तुम्ही जेवताना म्हणायचात. मला कंटाळा यायचा.

कॉलेज मी अर्ध्यात सोडलं. तुम्ही असतात तर घर डोक्यावर घेतलं असतंत. आता बँकांसाठी माल तपासणाऱ्या एजन्सीत आहे. परवाचं गोदाम तिच्या वडिलांचं. ती म्हणजे, जिच्यासाठी मी नारायणगुड्याहून रोज उलट्या बाजूची बस पकडतो. "रा रा, अल्लुडू!" ते म्हणाले. पहिल्यांदाच जावई म्हणाले, मी विरघळलोच. "फोटो दारातूनच काढ, चहा थंड होतोय." तरी हमालाला म्हटलं, मागचं काढ. भुसा! त्यांनी माझ्या खिशात पाकीट सारलं. "तुझे साहेब घेतात, तू कोण मोठा? पोरगी पाहिजे ना?" डोकं फिरलं माझं. पाकीट त्यांच्या चहात बुडवलं आणि फोटोंसकट 'माल नाही' असा रिपोर्ट तिथूनच थेट बँकेला पाठवला. साहेबांनी फोनवर ओरडून मला वेड्यात काढलं, "हौला है क्या रे? ससुर का गोदाम था!" मी म्हटलं, "हौ, हौला है. बाप पे गया." इतक्या ताठ मानेनं मी आयुष्यात काही बोललो नव्हतो, बाबा.

तिचा मेसेज आला: "एक सही होती, तीही जमली नाही?" त्यानंतर काही नाही. चुकलो असं अजिबात वाटत नाही. पुन्हा तेच करीन.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. आई रोज विचारते, मुलीकडे बोलायला कधी जायचं. मी म्हणालोय, रविवारी.