शिशाची फौज

बाबा, तुमची काळी पेटी मी माळ्यावरून खाली काढली आणि तुमच्या शिशाच्या शिपायांना हात लावला. तुम्ही असता तर आधी हात धुऊन ये म्हणाला असता. धुतले होते. धामणगावच्या घराची किल्ली अजून त्याच खिळ्याला असते, पण घरात आता कुणी राहत नाही. तुमचा मुलगा माझ्याकडे नांदुऱ्याला आहे. त्याला का आणलं ते कुणालातरी सांगायचं आहे, आणि जिवंत माणसांत सांगण्यासारखं कुणी सापडत नाही.

त्याची बायको आखाडात गेली. तीन दिवसांचा ताप, आणि चौथ्या दिवशी आम्ही दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आलो. तुम्ही तिला पाहिलं नाही, ती तुमच्या माघारी आली. मूलबाळ नव्हतं, पण दोघंही एवढी बडबडी, की यांच्या घरी रेडिओ कशाला हवा, असं शेजारी म्हणायचे. ती गेली आणि हा बोलायचा थांबला. रडलाही नाही. दसऱ्याच्या आधी एका सकाळी मोताळ्याच्या रस्त्याला जी विहीर आहे तिच्या काठावर बसलेला सापडला. चपला काढून शेजारी शेजारी नीट लावून ठेवल्या होत्या. ज्यानं पाहिलं तो मला म्हणाला, "ताई, हवा खात बसला होता, बाकी काही नाही." मी हो म्हटलं. हवा खायला कुणी चपला अशा लावून ठेवत नाही, बाबा. त्याच दिवशी त्याला बसमध्ये बसवलं आणि इकडे आणलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या मी स्वतःच्या हातानं देते. वेळ लागेल म्हणतात, किती ते सांगत नाहीत. वर्गात पाढे म्हणून घेते आणि माझे कान घराकडे असतात. मधल्या सुट्टीत धावत घरी येते, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडलेला दिसला की मला आनंद होतो. कशात आनंद मानायची वेळ आली आहे बघा.

सगळं करून झालं. त्याच्या आवडीचं रांधलं, विहारात नेलं, भंतेजी तासभर त्याच्याजवळ बसले. अर्धी भाकर खातो, तीही मी समोर बसले तर. मग दिवाळीची सुट्टी लागली आणि पुरात सापडलेला माणूस जे हाताला लागेल ते धरतो, तशी मला तुमची पेटी आठवली. लहानपणी तापानं फणफणलेला असतानाही हा तुमच्यासमोर खेळायला उठून बसायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. धामणगावहून पेटी बसमध्ये चढवताना कंडक्टर म्हणाला, "काय हाय बाई यात? लोखंड भरलं काय?" मी म्हटलं, "फौज हाय." तो हसला. मला त्या दिवसांत हसू येत नव्हतं, पण त्याचं मला बरं वाटलं.

तुम्ही फौजेत पेंटर होता. साहेब लोकांना लढाई समजावायला वाळूचा नकाशा करायचा, त्यावर टेकड्या, नाले आणि बोटाएवढे शिपाई. एका साहेबाला या लढाईचा खेळ खेळायचा शौक, आणि समोर बसायला कुणी नसलं की तो तुम्हालाच बसवायचा. बाकीचे लोक फौजेतून कांबळं आणि रम घेऊन येतात, तुम्ही हा खेळ घेऊन आलात. आठवडाभर बसस्टँडजवळच्या दुकानात नंबर प्लेटा आणि पाट्या. रविवारी जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवून प्लास्टरच्या साच्यात शिपाई ओतायचे. मग सारवलेल्या ओसरीवर खडूचा नाला, विटांची टेकडी, आणि एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला तो, नऊ वर्षांचा. फूटपट्टीनं अंतर मोजायचं, फासा टाकायचा, शिपाई मेला की आडवा करायचा. मी स्वयंपाकघरात, आईच्या परातीवर पाट ठेवून, रंगवत बसलेली. चौथी पास झाले तेव्हा तुम्ही मला खारीच्या केसांचा शून्य नंबरचा ब्रश दिला होता. अख्ख्या गावात तसा ब्रश कुणाकडे नव्हता, आणि तो मी उशाशी घेऊन झोपले. दुसऱ्याच दिवशी तुम्ही ओरडलात. "एवढा रंग काऊन घेतला? भिंत रंगवून राह्यली काय तू?" मी रडले. तुम्ही तो शिपाई टर्पेन्टाइननं पुसून काढलात आणि पुन्हा माझ्या हातात दिलात. तो चेहरा मी पाच वेळा काढला.

आता पेटी उघडते तर दोनशेच्या वर शिपाई, सगळे एकमेकांत मिसळलेले. कुणाची बंदूक मोडलेली, कुणाला मुंडकं नाही, रंगाचे पापुद्रे हाताला येतात. चाळीस-चाळीसच्या दोन फौजा जुळवायच्या ठरवलं. खेळाचे नियम मला माहीत नव्हते, रंग माहीत होते. खाकीवाले एका बाजूला काढले, निळेवाले दुसऱ्या बाजूला. बंदुकांसाठी जुन्या छत्रीच्या काड्या कापल्या. निळ्यांत घोडेस्वार कमी पडले म्हणून खाकीतले तीन घेतले आणि त्यांची जात बदलली. साबणाच्या पाण्यात घासायचं, वाळवायचं, आधी काळ्या रंगाचा एक हात, मग अंगरखा, मग पट्टा, बूट. शेजारीण डोकावली आणि म्हणाली, "मुलांच्या प्रदर्शनाचं काय हो बाई?" मी हो म्हटलं. पन्नाशी ओलांडलेली बाई चष्मा नाकावर घेऊन शिशाच्या माणसांना डोळे काढते आहे, आणि प्रत्येक ठिपक्याला मनात म्हणते आहे की हा नीट पडला तर तो जगेल. मी विज्ञान शिकवते, बाबा. मुलांना असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगते. एका दुपारी सात चेहरे ओळीनं बिघडले, आणि शिपाई वाळत ठेवलेली फळी मी भिंतीवर आपटणार होते. नाही आपटली. आवाजानं तो दचकला असता.

सुट्टीच्या आठव्या दिवशी त्याच्या खाटेजवळच्या फरशीवर मी फौज मांडली. खडूनं नालाही काढला. तो कुशीवर पडून बघत होता, म्हणजे डोळे उघडे होते एवढंच. मी म्हटलं, "झाली बघ तयार." मी बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्याचा हात खाटेवरून खाली आला. त्यानं माझ्या बाजूचा एक निळा शिपाई उचलला, उलटा फिरवला, ठेवला. मग दुसरा. मला कळेना. मग लक्षात आलं, मी सगळे शिपाई माझ्याकडे तोंड करून उभे केले होते. मला ते तसेच माहीत. रंगवणाऱ्याकडे शिपायाचं तोंडच असतं. एक एक करत त्यानं चाळीसच्या चाळीस फिरवले आणि म्हणाला, "दुश्मनाले पाठ देऊन उभे केले काऊन, ताई?"

चार महिन्यांनी आवाज ऐकला. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. परत आले तर तो पुन्हा भिंतीकडे वळलेला. पुढचे तीन दिवस तसाच. अर्धी भाकरही गेली. माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं त्या फरशीवर मांडलेलं होतं, आणि मी त्याच्या भोवतीनं झाडू मारत होते. काय करू ते सुचेना. तुमच्या फोटोसमोर उभी राहून मी तुम्हाला वाटेल ते बोलले, ते ऐकू आलं नसेल तर बरं.

चौथ्या दिवशी बाजारातून आले तर तो खाली बसलेला. त्यानं फासा टाकला, फूटपट्टी लावली, सहा खाकी शिपाई नाल्यापर्यंत आणले आणि फासा माझ्याकडे सरकवला.

"टाक आता."

"मले येत नाही."

त्यानं फूटपट्टी खाली ठेवली. "काऊन? बाबानं कधी बसवलंच नाही तुले?"

"नाही."

"हे बरं नाही केलं त्याईनं," तो म्हणाला, आणि सरकून मला शेजारी जागा केली. "इकडं बस. मी सांगतो."

बाबा, तुम्ही बसवत होता. मी दहावीत होते, तो त्या दिवशी मामाकडे गेलेला, आणि तुम्ही ओसरीवरून हाक मारलीत, "ये वं माय, आज तू बस माह्यासमोर." मी अभ्यास आहे म्हटलं. अभ्यास नव्हता. मी रंगवलेले शिपाई आडवे पडलेले मला बघवत नव्हते, आणि तुम्ही मला कच्ची म्हणाल ही भीती होती. तुम्ही बरं म्हणालात आणि पुन्हा बोलावलं नाहीत. ते मी धरून ठेवलं. तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला चार लोकांसमोर उभी राहून हसत हसत सांगितलं, बाबांनी मला फक्त रंगवायला ठेवलं. इतकी वर्षं सांगत आले की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

त्याला खरं सांगायचं म्हणून रोज ठरवते आणि रोज गप्प बसते. मला खेळ शिकवायचा राहिला आहे, तेवढ्यासाठी तो खाटेवरून खाली उतरतो. काही दिवशी तेही नाही. परवा दिवसभर उठला नाही, मी दाराला आतून कुलूप लावून बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरला, आणि घोडेस्वार नाला कसा ओलांडतो ते मला तिसऱ्यांदा समजावलं. हा कागद त्याच्या हाती लागू नये म्हणून आजच फाडीन. तुमच्यावर घातलेला दोष एवढ्यात काढून घेता येणार नाही मला.

खेळ मला आता कळायला लागला आहे, बाबा. काल माझी चाल बरोबर पडत होती. मी मुद्दाम चुकवली.